भुशाच्या राखेतलं लोखंड

दिवाळी सरून धानाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की आमच्या दोरीवरचे कपडे पांढरे राहत नाहीत. फुलचूरकडच्या राईस मिलच्या धुराड्यातून भुशाची राख उडते आणि वाऱ्याबरोबर गच्च्यांवर उतरते. हात लावला की ती कपड्यात आणखी मुरते, म्हणून आमच्याकडे बनियन आधी फुंकतात, मग झटकतात. बायको फुंकता फुंकता म्हणते, "घ्या, आला तुमचा माल." तरुणपणी मी या राखेवर संशोधन केलं, एवढं तिला ठाऊक होतं. तरी दर हंगामात हे वाक्य ऐकलं की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचो. हिला कुणी काही सांगितलं तर नाही ना? तिचा चेहरा स्वच्छ असायचा. मग मला त्या स्वच्छपणाचाच संशय यायचा.

हा स्वभाव जन्मजात नाही. तो एका हंगामात लागला, आणि त्या हंगामाबद्दल मी परवापरवापर्यंत कुठेही बोललो नव्हतो.

मी इथे गोंदियातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या, तांदळाची वाफ खिडकीतून वर्गात येते. ओल्या गोणपाटासारखा तिचा वास. तिसऱ्या बाकावरची मुलं नाक मुरडतात, पहिल्या बाकावरच्यांच्या घरी तोच धंदा असल्यामुळे त्यांना तो येतच नाही. शिकवताना मी क्वचितच जुन्या कामाचा उल्लेख करतो. पण महिन्याकाठी एक मेल येते, ती मात्र मी उभ्या उभ्या, चहा गार करून वाचतो. घनपदार्थांचं एनएमआर करणाऱ्या लोकांचं ते बातमीपत्र. जगभर पसरलेली ही एक छोटी बिरादरीच आहे. कुणाला मोठं चुंबक मिळालं, कुणी रोटर आधीपेक्षा जास्त वेगाने फिरवला, कुठे हेलियम मिळेनासं झालं म्हणून मशीन थंड ठेवणं अवघड झालंय, कुणाला विद्यार्थी हवाय, कोण वारलं.

मी या बातम्या शेजारच्या भांडणासारख्या वाचतो, एक अक्षरही खरं न मानता. कुणी सुरेख, सुईसारख्या टोकदार रेषांचा आलेख छापला की माझा पहिला प्रश्न, याने काय झाकलंय? आधीचे बिघडलेले किती फेकून दिले असतील? त्या नमुन्यात खरोखर तेच होतं का, जे हा सांगतो? स्वतः एकदा राखेबद्दल खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्याची राख कधी शुद्ध वाटत नाही.

न जाणणाऱ्यांसाठी दोन शब्द. पदार्थ एका जबर चुंबकात ठेवायचा, रेडिओलहरींनी हलकेच डिवचायचा आणि त्याचे अणू काय उत्तर देतात ते ऐकायचं, असं हे काम. द्रवात अणू मोकळे फिरतात, म्हणून उत्तर स्पष्ट येतं. घनात ते एकमेकांना जखडलेले, त्यामुळे बाजाराच्या दिवशीचा गलका ऐकू येतो, कोण काय म्हणतंय कळत नाही. त्यावर उपाय असा की पदार्थाची पूड करंगळीच्या पेरापेक्षा लहान नळीत, रोटरमध्ये, ठासून भरायची आणि चुंबकाच्या रेषेशी एका ठरावीक तिरक्या कोनात, हवेच्या झोताने, सेकंदाला हजारो वेळा फिरवायची. त्या कोनाला जादुई कोन म्हणतात. मला तो आईच्या सुपाच्या कलण्यासारखा वाटायचा. थोडं इकडे तिकडे झालं तर धान आणि फोल एकत्रच उडतात. नेमका कल साधला की वेगळे होतात.

रोटर भरणं ही हाताची कला आहे. पूड थोडीथोडी घालायची, दाबायची, पुन्हा घालायची. एका बाजूला जास्त झाली तर नळी डुगडुगते आणि त्या वेगात फुटते. टोपण काठाशी सपाट बसलं पाहिजे. आणि मी पीएचडी केली त्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. रोटर भरण्याआधी प्रत्येक नमुन्याला चुंबक दाखवायचा. काचेच्या कुपीशी साधा पट्टीचुंबक न्यायचा आणि बघायचं, एखादा कण हलतो का. हलला तर त्यात लोखंड आहे, आणि लोखंड असलेली पूड त्या राक्षसी चुंबकात फिरवायची नाही. ते तिला खेचून धरतं, नळी नीट फिरत नाही, आणि मग काय व्हायचं ते होतं. नवा विद्यार्थी आला की चहाची जागा दाखवण्याआधी त्याला हे शिकवायचे.

सर्वांत चांगला हात रेखाचा होता.

रेखा आमगावकडची, पोवारांच्या घरची. मी मुर्रीचा, दोन्ही गोंदियाच्याच आसपास. घरापासून इतक्या लांबच्या शहरात, जिथे आमच्या बोलण्याला लोक हसायचे, तिथे आम्ही दोघं एकाच गटात निघालो हा योगायोग. सगळे आम्हाला "राईस मिल पार्टी" म्हणायचे. इतरांशी आम्ही जपून, पुस्तकी मराठी बोलायचो. दोघंच असलो की मोकळं.

"काऊन बे गजू, आज डब्यात काय?"

"भातच असन, दुसरं काय."

"मंग कायले झाकून खाऊन राहिला? मी का हिसकून राहिली?"

ती रोटर भरायची तेव्हा मी बाजूला उभा राहायचो. ओठ किंचित मुडपलेले, श्वास धरलेला, कोपर टेबलावर टेकलेलं. भरून झाला की रोटर बोटांत धरून कानाशी न्यायची, जणू आताच तो काही सांगणार आहे. मशीनमध्ये गेल्यावर हवा वाढत जायची तशी एक शीळ चढत जायची. स्थिर, बारीक, न तुटणारी. रेखाच्या रोटरची शीळ कधी थरथरली नाही.

त्या वर्षी मी दिवाळीला गावी आलो तो आमच्या पीएचडीच्या सरांचं काम घेऊनच. धानाचा भुसा नीट जाळला तर उरते ती जवळजवळ निव्वळ सिलिका, काचेची आणि वाळूची सख्खी बहीण. सर म्हणाले होते, "भुसा आण. इथे जाळू, इथेच अकीकाच्या दगडी खलात घोटू." मला मात्र तयार माल न्यायची हौस. मी भुसा मुर्रीतच जाळला, राख पांढरी होईस्तोवर परतून परतून. अंगणात बसलो होतो. शेतात कापणी चाललेली, पेंढ्यांचा गोड वास, चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनचा दूरवरून येणारा घरघराट. आईने जवसाच्या चटणीचा खलबत्ता धुऊन पुढे ठेवला. लोखंडी, पिढीजात, आत आरशासारखा गुळगुळीत झालेला.

"बारीक कर बापा चांगली, नाहीतं तुये सर म्हनतीन, गावठी काम करून आनलं."

मी कुटली. दोन दुपारी कुटली. ती गुळगुळीत भिंत माझ्या पुडीत थोडीथोडी उतरते आहे, हे रसायनशास्त्राच्या पदवीधराला सुचलं नाही.

परत गेल्यावर कुपीशी चुंबक नेला आणि राखेतले कण उभे राहिले. मोजके, काळसर, मिशीच्या खुंटांसारखे. चुंबक हलवला की तेही वळायचे. मी खोलीचं दार लावून घेतलं.

आम्लात धुतली असती तर लोखंड निघालं असतं. त्याला वेळ लागला असता, आमच्या वाट्याची मशीनची पाळी गेली असती, सर नाराज झाले असते, बस. पण सांगावं लागलं असतं, की घरच्या खलबत्त्यात कुटली. चटणीच्या. ते हसणं मला आधीच ऐकू येत होतं. राईस मिल पार्टी, आता मसाला पण! त्या हसण्याला मी जितका भ्यायलो तितका कुठल्याच मशीनला भ्यायलो नाही. कुपीच्या बाहेरून चुंबक फिरवत जमेल तेवढे कण वर ओढले, काढले, आणि बाकीची पूड रेखाला दिली.

तिने रिवाजाप्रमाणे विचारलं, "चुंबक दाखवला?"

"दाखवला."

"काही हाललं?"

"काही नाई."

तिने पुन्हा तपासलं नाही. कारण मी सांगितलं होतं.

दुपारची वेळ. बाकीचे जेवायला गेलेले. रोटर आत गेला, हवा सुरू झाली. शीळ आली, पण वर चढेना. मध्येच घसरायची, पुन्हा उठायची. रेखाने माझ्याकडे पाहिलं.

"अबे, हा वर जाऊन नाई राहिला. कोनी धरून ठेवल्यावानी करते. थांबवू का?"

इथे मी थांबव म्हणू शकत होतो. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की कधीकधी वाटतं, म्हटलंही होतं. पण नाही. मी म्हणालो, "थोडी हवा वाढव. जाईन तो."

तिने वाढवली.

काच तडकल्यासारखा आवाज झाला आणि शीळ तुटली. एवढंच. पण त्या एवढ्याशा आवाजात मशीनचा आतला भाग गेला होता. रोटरच्या ठिकऱ्या, राख सगळीकडे. सगळ्या प्रयोगशाळेचं काम कित्येक महिने अडलं.

आणि मग मी जे केलं ते त्या खोट्यापेक्षा वाईट होतं. सगळे धावपळीत असताना कुपीत उरलेली राख मी मोरीत ओतली, वर नळ सोडला. कुपी धुऊन उपडी ठेवली. स्वच्छतेबद्दल माझं नेहमीच कौतुक व्हायचं.

सरांनी रेखाला खोलीत बोलावलं. मी बाहेर, जिन्यापाशी. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही आणि मी नंतर कधी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मशीनच्या खोलीची किल्ली नव्हती. ज्याने रोटर भरला त्याची चूक, असा आमच्याकडचा सरळ हिशोब. कुणी तिला रागावलं नाही. फक्त तिला कुणी रोटर भरायला दिला नाही. हिवाळा संपेपर्यंत ती दुसऱ्यांची भांडी घासल्यासारखी इकडची तिकडची कामं करत राहिली आणि उन्हाळ्यात गेली. "स्वतःहून गेली," असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पुढच्या हंगामात मी नवा भुसा आणला, अकीकाच्या खलात घोटला, आम्लात धुतला. रेषा छान आल्या. मी डॉक्टर झालो.

पुढे नोकरीने मला गोंदियात आणलं, लग्नाने तिला. फुलचूरकडच्या ज्या मिलची राख आमच्या दोरीवर पडते, ती रेखाची. नवरा धानाची खरेदी बघतो, मिल ती चालवते. मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो की बरंच झालं तिचं, आपल्यापेक्षा चांगलं घर बांधलं. पण तो रस्ता टाळायचो. लग्नकार्यात ती दिसली की मी वाढप्यांच्या मागे. ती हसून हात हलवायची आणि मी घरी येऊन त्या हसण्याची उलटतपासणी घ्यायचो. हिला ठाऊक आहे. नाही, ठाऊक असतं तर हसली नसती. ठाऊक आहे म्हणूनच हसते.

या हंगामात बातमीपत्रात खाली एक छोटी बातमी होती. आमचं जुनं चुंबक आता बंद करणार. हेलियम सोडून देऊन त्याला कायमचं थंड करणार, म्हणजे खरं तर कायमचं गरम होऊ देणार. त्यानिमित्त जुन्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन मेळावा. पाठोपाठ सरांचाच फोन आला. निवृत्त झालेत, आवाज मऊ झालाय.

"अरे, रेखा तुमच्याच गावात असते ना? तिलाही आण. माझ्याकडे तिचा नंबर नाही."

इतक्या वर्षांनी रेखा कशाला? यांना काही कळलंय का? दोघांना समोरासमोर बसवून विचारणार आहेत का? दोन दिवस मी नंबर मिळत नाही असं ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी दोरीवरचा शर्ट झटकला आणि स्कूटर काढली.

मिलच्या आवारात धानाचे ढीग, त्यांच्यावर चिमण्या. आत पट्ट्यांचा थडथडाट. रेखा केसांना रुमाल बांधून, धान यंत्रात पडतो त्या घसरगुंडीपाशी उभी होती. तिथे एक जाड चुंबक बसवलेला असतो, धानातले खिळे, तारा धरायला. ती त्याला चिकटलेला कचरा काढत होती.

"कोन? गजू? आज इकडं कसा रस्ता चुकला बे?"

"सरचा फोन आला होता."

"जिवंत आहेत?" ती हसली. "चल, बाहेर. इथं बोंबलाव लागते."

तिने चहा मागवला. चांगल्या कपात आला, बशीसकट. मला त्या बशीचाही संशय आला. मी मशीनचं सांगितलं, मेळाव्याचं सांगितलं. ती "अरे बापा, ते बंद करून राहिले?" म्हणाली आणि जरा वेळ ढिगाकडे बघत राहिली. तिच्या बोटांना चुंबकावरची काळी चुरी लागली होती. ती साडीला पुसत होती आणि ते जात नव्हतं.

मी बोललो. कसं सुरू केलं आठवत नाही. खलबत्ता, उभे राहिलेले कण, मोरी, सगळं. मध्ये एक हमाल येऊन म्हणाला, "दीदी, गाडी काँटे पे लग गयी," आणि ती हातानेच त्याला थांब म्हणाली. माझं संपलं तेव्हा चहावर साय धरली होती.

"कायच्यात कुटली म्हनला?"

"आईच्या खलबत्त्यात. लोखंडाच्या."

"येडा आहेस का बे तू?" ती अशी बोलली जणू मी काल कुटली. मग बोटांवरची चुरी बघत म्हणाली, "आनि हवा वाढव म्हनला होता तू. ते मले आठवते. मी समजो, माहीच घाई झाली."

"माफ कर" हे शब्द माझ्या तोंडात आले. तिने ते बाहेर येऊ दिले नाहीत. उठली.

"मले एकटीले सांगून तू मोकळा होऊन राहिला. हे पोटातून काढून माह्या पोटात टाकलं, झालं?" ती वजनकाट्याकडे निघाली, वळली. "मेळावा कधी आहे? ते लिंक का काय, धाड."

मी घरी आलो आणि लिंक धाडली नाही. ती तिथे काय करणार? सगळ्यांसमोर बोलणार? की मी बोलतो का ते बघत गप्प बसणार? कॉलेजात कळेल. बिरादरीत कळेल, तिथे एक वाक्य महिन्याभरात जग फिरून येतं. माझ्या पदवीला कुणी हात लावणार नाही कदाचित, पण माझ्या प्रत्येक जुन्या रेषेकडे कुणीतरी माझ्यासारखाच बघेल, याने काय झाकलंय? संध्याकाळी बायको म्हणाली, "आज जेवन नाई का?" तिला मी सगळं सांगितलं. तिने आधी भात वाढला. मग म्हणाली, "त्या बाईले लिंक धाडा आधी. मंग जेवा."

मेळावा रविवारी सकाळी होता. पडद्यावर चौकोन उघडत गेले. टकलं, चष्मे, परदेशातली बर्फाळ खिडकी. सरांचे केस राखेसारखे झालेत. रेखाचा चौकोन उशिरा उघडला. मागे पोत्यांची थप्पी, डोक्याला रुमाल तसाच. लोकांनी तिला चटकन ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि परदेशातला आमचा एक जुना सोबती टाळी वाजवून हसला, "अरे रेखा! तुझा तो बॉम्ब! अजून मी पोरांना सांगतो, टोपण नीट बसवा, नाहीतर रेखा होईल तुमची!"

सगळे हसले. सरही, थोडंसं. त्या हसण्याला मी एकदा इतका भ्यायलो होतो, की ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलून दिलं, आणि ते अजून तिच्या अंगावरच होतं. मी रेखाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती बघत होती.

मी माईक सुरू केला.

जेमतेम पाच-सहा वाक्यांत सगळं झालं. अंगणात कुटताना लागला त्याच्या कितीतरी कमी वेळात. बोलून संपल्यावर एकेक चेहरा खाली बघू लागला. हलकं वाटेल असं ऐकलं होतं, ते काही झालं नाही. कोण आता माझ्याबद्दल काय समजतंय, हे मी चौकोन-चौकोन फिरून बघत होतो. ती खोड अशी एका वाक्याने जात नाही.

शेवटी सर म्हणाले, "रेखा... अगं, मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

रेखाने रुमाल सोडला, पुन्हा बांधला. तिची पुस्तकी मराठी, आम्ही दोघं जपून बोलायचो ती, इतक्या वर्षांनी ऐकली.

"बोलले होते, सर. तुमच्याच खोलीत. तीनदा म्हणाले, मी बरोबर भरला होता. तुम्ही म्हणालात, असू दे, यापुढे टोपण नीट बघत जा." मागे कुणीतरी तिला हाक मारली, तिने मान न वळवता हात वर केला. "ते मी अजून करते. मिल बंद करताना प्रत्येक झाकण दोनदा बघते. माझी माणसं हसतात मला. आज एकदाच बघून घरी जाईन."